उत्तरेची खिडकी

फोटोच्या खोलीचं दार कुठंही काढा, काही बिघडत नाही. खिडकी मात्र उत्तरेलाच पाहिजे. पूर्वेची खिडकी सकाळी डोळ्यांत जाते, पश्चिमेची संध्याकाळी. दक्षिणेकडून दिवसभर ऊन रांगत येतं आणि माणसाच्या तोंडावर काळे-पांढरे पट्टे ओढतं. उत्तरेकडून ऊन येत नाही, नुसता उजेड येतो. सकाळी जसा, तसाच तिसऱ्या प्रहरी. ज्येष्ठात सूर्य डोक्यावरून थोडा पलीकडं झुकतो तेवढे दिवस सोडले, तर तो उजेड वर्षभर जागचा हालत नाही. मी चौथी शिकलेला माणूस. मला फार काही कळत नाही, पण उजेड कळतो. गावात वीज आली होती, पण ती नावालाच. बल्बची तार लाजल्यासारखी लाल व्हायची आणि तेवढ्यावरच राहायची. म्हणून मेहकरला एका फोटोवाल्याकडं काम शिकून मी दुसरबीडला परत आलो, तेव्हा वडिलांकडं एकच मागणं मागितलं. घराच्या दक्षिणेच्या अंगाला कडबा ठेवायची खोली होती, ती मला द्या. तिच्या उत्तरेच्या भिंतीसमोर आमचंच अंगण होतं. त्यात झाड नाही, गोठा नाही, सगळं मोकळं. वडील म्हणाले, "कडब्याच्या खोलीत लोकं तोंड धुऊन बसाले येतीन काय बे?" आले. डोक्याला तेल लावून आले, उसने कोट घालून आले.

पण पहिली रचना माझी चुकलीच. मेहकरच्या माणसानं छपराचे पत्रे काढून तिथं काच बसवली होती, म्हणून मीही तेच केलं. पुरुषांचे फोटो बरे यायचे. टोपी काढली की कपाळ चमकायचं आणि गिऱ्हाईक खूश व्हायचं. बायकांचे फोटो धुतले की पदराखाली नुसतं भोक. नाकाचा शेंडा दिसायचा, हनुवटी दिसायची, आणि डोळ्यांच्या जागी काळं. पदर मागं घ्या म्हणायची सोय नव्हती. बाई फोटोला एकटी थोडीच यायची? सासरा दारात उभा, दीर ओट्यावर, नवरा शेजारी खुर्चीत. सुलतानपूरकडच्या एका माणसानं आईचा फोटो हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि म्हणाला, "हे माही माय कशावरून? कोनाची बी असू शकते." फोटो टेबलावर ठेवून तो निघून गेला. त्याचं खरं होतं.

त्यातून वाट माझ्या बायकोनं काढली. ती होती तोवर मी तिचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. आमच्यात काढत नसत. आता काढतो, आता कोणाची लाज धरायची? कौसल्या. त्या दिवशी मी चुलीपुढं भाकर खात होतो. कळण्याची भाकर, मिरचीचा ठेचा आणि उडदाचं घुटं. तो सुलतानपूरकडचा माणूस फोटो टाकून गेल्याचं दुःख मी घासागणिक सांगत होतो. ती भाकर थापता थापता म्हणाली, "तुम्हाले आत्ता माहं तोंड दिसते का?" म्हणालो, दिसते. "माह्या डोक्यावर पदर हाय का?" म्हणालो, हाय. "मंग? जाळ खालून हाय म्हणून दिसते. तुमी काऊन वरून पाह्यता?"

भाकर तशीच ठेवून मी उठलो. काच उतरवली, पत्रे परत ठोकले, आणि उत्तरेची लहान खिडकी गुडघ्यापर्यंत खाली फोडत नेली. खिडकीसमोरच्या आतल्या भिंतीला दुहेरी चुना दिला. जमीन शेणानं सारवलेली होती, ती उजेड पिऊन टाकायची, म्हणून कौसल्यानं पांढरी माती भिजवून आणली आणि सगळी जमीन पांढरी केली. खिडकीतून उजेड आडवा यायचा, जमिनीवरून आणि भिंतीवरून उलटायचा आणि पदराखाली शिरायचा. खिडकीला मांजरपाटाचे दोन पडदे लावले, एक वरून खाली येणारा, एक खालून वर जाणारा. कोणाचे गाल बसलेले असले तर खालचा कमी करायचा, कोणाचे डोळे पाणावत असले तर वरचा ओढायचा. स्टूल कुठं ठेवायचं ते ठरवायला कौसल्या पदर घेऊन बसायची आणि मी काळ्या कापडात डोकं घालून कॅमेऱ्याच्या काचेवर तिला पाहायचो. "आता दिसते का मी?" "डावा डोळा दिसतो." "उजव्यानं काय केलं?" मग स्टूल सरकवायचं. असं सकाळपासून जेवणापर्यंत. फिल्म महाग होती म्हणून बटण दाबायचं नाही, नुसतं पाहायचं. त्या काचेवर माणूस उलटा दिसतो, डोकं खाली, पाय वर. मी तिला इतकी उलटी पाहिली आहे की डोळे मिटले तर तशीच दिसते.

ती गेली त्याला अजून वर्ष झालं नाही. पोरानं भिंतीवर लावायला तिचा फोटो मोबाईलमधून मोठा करून आणला. कोणाच्या तरी लग्नाच्या पंगतीतला. डोक्यावर ट्यूबलाईट, आणि पदराच्या सावलीत तोंड अर्धं गेलेलं. सून म्हणाली, "बाबा, छान आला न?" मी म्हणालो, हार घाला. आणखी काय म्हणणार? ज्याला दिसत नाही त्याला दाखवता येत नाही, आणि मला आता भांडायचा कंटाळा आहे. रोज सकाळी मी त्या फोटोपुढं चहा ठेवतो आणि दुसरीकडं पाहतो.

तर घराचं सांगत होतो. घर एकच, चूल एकच. माय, वडील, मोठा भाऊ म्हणजे दादा, वहिनी, आणि आम्ही दोघं. वडील नंतर वारले. रस्त्याच्या बाजूला दादाचं ढेपेचं, म्हणजे गुरांच्या पेंडीचं, दुकान होतं. सरकीच्या ढेपेचा तो आंबट-तेलकट वास आमच्या कपड्यांना, भाकरीला, झोपेलाही यायचा. पहाटे ट्रक चढावर गियर बदलायचे, मग पिठाच्या गिरणीचं पुकपुक सुरू व्हायचं, आणि त्यावर दादाचा आवाज. दादाचा आवाज मोठा होता. हसला की रस्त्यापलीकडच्या हॉटेलातली माणसं वळून पाहायची. कोणाच्या घरी मयत झाली तर सरण रचायला तो पहिला, लग्न असलं तर वाढायला तो पहिला. तो वाईट माणूस होता असं गावात कोणी म्हणणार नाही. मी म्हणतो.

आमच्यात सुनेनं भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, बोलायचं नाही. डोक्यावर पदर पाहिजे, तोंड वळवलेलं पाहिजे. काही सांगायचंच झालं तर तिसऱ्याला सांगायचं आणि त्यानं ऐकून घ्यायचं. तिसरा कोणी नसला तर वासरालाही सांगायचे. कौसल्या पाण्याचा तांब्या उंबऱ्यावर ठेवून खुंट्याला बांधलेल्या वासराकडं पाहून म्हणायची, "जेवन वाढलं म्हना." दादा आत बसल्या बसल्या वासराला उत्तर द्यायचा, "आलोच म्हना." आम्ही हसायचो. कौसल्याही पदरात हसायची. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण तिनं दादाचं तोंड धड पाहिलं नव्हतं आणि दादानं तिचं.

खिडकी बसली आणि बायका यायला लागल्या. सिंदखेडराजाकडून आल्या, लोणारकडून आल्या. पुरुष सोबत असायचे, पण आता मी त्यांना ओट्यावर बसवायचो, खोलीत जागा नाही म्हणून. आत कौसल्या बाईचा पदर नीट करायची, कपाळावरचं कुंकू पुसून परत लावायची, आणि हळूच सांगायची, खिडकीकडं पाहा, तिकडं तुमचं कोणी नाही. त्या पाहायच्या. त्यांचे डोळे मी त्या उजेडात पाहिलेत. कितीतरी बायकांचा जन्मातला तो एकच फोटो असेल. वहिनीचाही फोटो त्याच खिडकीत काढला. दादानं तो दुकानातल्या देवांच्या रांगेत लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "माह्या भावाच्या हातचा हाय."

वडील गेल्यावर वाटणी झाली. आमच्याकडं रीत अशी, मोठ्यानं वाटे करायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे मोठ्याला लबाडी करता येत नाही. दादानं वाटे केले. एका वाट्यात दक्षिणेच्या खोल्या, त्यात माझी फोटोची खोली. दुसऱ्या वाट्यात रस्त्याकडचं दुकान आणि मधलं मोकळं अंगण. आड सामाईक. चार लोक बसले होते. दोरीनं जागा मोजली, कडुलिंबाच्या फांद्या कोणाच्या, गुरांची दगडी डोण कोणाची, पावसाच्या पन्हाळीचं पाणी कोणाकडं पडेल, सगळं बोललं गेलं. दादा म्हणाला, "नारायण, उचल." मी माझी खोली सोडून दुसरं काय उचलणार? मी खोली उचलली. खिडकीपुढचं अंगण त्याच्याकडं गेलं. अंगण ते अंगण, असं मला वाटलं. आमच्या बापजाद्यांत कोणी उजेड वाटून घेतला नव्हता, म्हणून तो कोणाला आठवला नाही. दादाला आठवला होता की नाही ते मला आजही माहीत नाही, आणि आता विचारायला तोही उरला नाही.

दिवाळी झाली आणि अंगणात पाया खोदायला माणसं आली. माझ्या खिडकीपासून माणूस आडवा होऊन जाईल एवढी बोळ सोडून भिंतीची आखणी टाकली होती. मी दुकानात गेलो.

"दादा, खिडकीपुढं भिंत येऊन राह्यली."

"माह्या जागेत येऊन राह्यली."

"माह्या खोलीत अंधार होईन."

"मंग लाईट लाव न बे. सरकारनं खांब कायले गाडले?"

"लाईटनं बाईचं तोंड येत नाही. चार हात सोड. तेवढ्यानं तुहं काही अडत नाही."

"ढेप तुह्या डोक्यावर ठेवू? गोदामाले चार हात म्हंजे शंभर पोती." मग तो दुकानात बसलेल्यांकडं पाहून म्हणाला, "वाटा यानं उचलला बरं का. म्या हात बी लावला नाही. आता म्हनते सूर्य बी माह्याच वाट्यात टाका." सगळे हसले. मीही थोडा हसलो. लोकांत असताना असं होतं.

घरी येऊन मी कौसल्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती खोलीत पांढऱ्या मातीनं जमीन सारवत होती. बाहेर दादा गवंड्यांना ओळंबा दाखवत होता. पहिले थर लागले होते. मी कॅमेरा पुसत होतो. ती उठली, हात कोपरापर्यंत पांढरे, डोक्यावर पदर नीट केला आणि बाहेर गेली. मला वाटलं माती आणायला गेली. ती दादासमोर जाऊन उभी राहिली. तिथं वासरू नव्हतं, माय नव्हती, तिसरं कोणीच नव्हतं.

"दादा," ती म्हणाली, "ढेप तुमी कुठंबी ठेवसान. बाईचं तोंड दुसरीकडं कुठं दिसत नाही. वहिनीबाईचं बी इथंच दिसलं. चार हात सोडा."

आवाज चढवला नाही. रडली नाही. जसं मला बोलायची तसं बोलली. गवंड्याच्या हातातली वीट हातातच राहिली. दादानं तिच्याकडं पाहिलंच नाही. तिच्या डोक्यावरून, खिडकीतून, मला विचारलं, "नारायण, कोन बोललं बे?"

मी बाहेर येईपर्यंत तो पायात चपला घालून गावात गेला होता.

संध्याकाळपर्यंत भिंत कोणाच्या लक्षात राहिली नाही. गावात एकच विषय, नारायणची बायको भासऱ्याला तोंडावर बोलली. मारुतीच्या पारावर मला बोलावलं. शेजारचे गणपतआबा सगळ्यांत मोठे, त्यांनी मला विचारलं, "रागात बोलली का हासत बोलली?"

म्हणालो, "साधी बोलली, आबा."

"हे त आनखीनच झालं," आबा म्हणाले.

मी म्हणालो, भिंतीचं काय ते बोला. आबा म्हणाले, "भिंत कुठं पळून जाते काय? पहिले घरातलं मिटवा. तिनं पाया पडून चुकलं म्हनावं. मंग तुह्या उजेडाचं पाहू." सगळ्यांनी दादाकडं पाहिलं. दादानं उपरण्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "ती पाया पडली त मी काय दगड हाय, आबा?" लोकांनी माना डोलावल्या. कोणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणाला, जा, झालं तुहं काम. मलाही तसंच वाटलं. दादाच्या त्या बोलण्याचा दुसरा काही अर्थ होऊ शकतो असं पारावरच्या एकालाही वाटलं नाही.

पण घरी आल्यावर मी कौसल्याला म्हणालो, तू जायचं नाही. मायनं तिला जवळ बसवलं. म्हणाली, "मोठ्याच्याच पाया पडाचं हाय, पोरी. लग्नात पडलीच होती न." कौसल्या मला म्हणाली, "पाया पडून चार हात सुटत असतीन त पडते. त्यात माहं काही जात नाही."

"जाते," मी म्हणालो.

"खिडकी गेली त जास्त जाईन."

सकाळी ती न्हाली, धुतलेलं लुगडं नेसली आणि हनुवटीपर्यंत पदर ओढून दादाच्या ओट्यावर गेली. आबा होते, आणखी चारजण होते, वहिनी दारामागं होती. कौसल्यानं जमिनीला डोकं टेकलं आणि जमिनीलाच म्हणाली, "चुकलं." दादानं हात पुढं केला, अधांतरी धरला आणि म्हणाला, "सुखी राहा." माय रडायला लागली. वहिनीनं गुळाचा चहा केला. सगळ्यांनी बशा फुंकून फुंकून चहा प्याला, घर कसं असावं तर असं, म्हणाले. त्या दिवशी गवंडी आले नाहीत. मी आणि कौसल्या खोलीत बसून राहिलो. ती म्हणाली, चार हात सुटले तर बोळीत चुना टाकू, आणखी उजेड येईल. मी म्हणालो, हो, येईल.

दुसऱ्या दिवशी गवंडी आले आणि त्याच आखणीवर पुढचा थर लावायला लागले.

मी दादाकडं धावत गेलो. तो तराजूवर ढेप घालत होता. "काल कबूल केलं न," मी म्हणालो.

"काय कबूल केलं? तिनं तोंडाची माफी मागतली, म्या तोंडाची देल्ली. जागेचं कोनी काढलं होतं काय तिथं?"

आबांकडं गेलो. आबा खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "आता झालं गेलं, नारायण. घरात गोडी आली हाय, ते राहू दे."

माझ्या उभ्या आयुष्यात मला इतका राग कधी आला नाही आणि तो राग मी कुठं ठेवला असेल तर इथं, या कागदावर ठेवतो आहे. लोक म्हणतात म्हाताऱ्यानं सोडून द्यावं. का सोडावं? चोरानं चोरी केली तर त्याला चोर म्हणतात. माझ्या बायकोचं डोकं जमिनीला टेकवून घेतलं आणि बदल्यात काही दिलं नाही, त्याला काय म्हणायचं ते मला आजपर्यंत कोणी सांगितलं नाही. त्याला गोडी म्हणाले.

भिंत थराथरानं वर गेली. मी रोज स्टुलावर रिकामा पाट उभा करून काचेवर पाहायचो. आधी जमिनीवरचा उजेड गेला. मग आतल्या भिंतीचा पांढरेपणा मळल्यासारखा झाला. मग लाल विटांचा एक मातकट उजेड तेवढा राहिला, त्यात सकाळ-दुपार ओळखू यायची नाही. त्या आठवड्यात एक म्हातारी तिच्या पोरासोबत फोटोला आली होती. मी तिला स्टुलावर बसवलं, कापडात डोकं घातलं, आणि पदराखाली भोक. बाहेर येऊन मी सांगितलं, होत नाही. पोरगा म्हणाला, एवढ्या लांबून आलो. मी म्हणालो, दिसत नाही त्याला मी काय करू? पुढं लाईट आणले, वर्ष-दोन वर्ष ओढलं, पासपोटाचे फोटो काढले, पुरुषांचे. बायका आल्या नाहीत. मग कॅमेरा विकला आणि एस.टी.च्या स्टँडवर चहाची गाडी लावली. चहात जन्म गेला. तो चहा बरा होता, असं लोक म्हणायचे.

पण हे पुढचं. भिंतीवर पत्रे पडले त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगायची राहिली. दादा सामाईक आडाजवळच्या दगडावर बसून राखुंडीनं दात घासत होता. माय दारात तांदूळ निवडत होती. मी ओट्यावर होतो. कौसल्या घागर घेऊन घरातून निघाली. केस विंचरलेले, भांग मोकळा, आणि पदर खांद्यावर. डोक्यावर नाही, खांद्यावर. बाकी जगासमोर तिनं मरेपर्यंत डोक्यावर पदर घेतला, दादासमोर त्या सकाळपासून कधीच नाही. ती सरळ आडावर गेली, दोर सोडला, घागर ओढली. दादापासून हातभर अंतरावर. तोंड वळवलं नाही, पाऊल घाईत टाकलं नाही. मायचा हात सुपातच थांबला. घागर घरात ठेवून कौसल्या दुसरी घेऊन परत आली. तेव्हा दादानं दगडावरच कूस बदलली आणि आपल्या नव्या भिंतीकडं तोंड केलं.

भिंतीकडं पाहतच तो म्हणाला, "नारायण, तुह्या बायकोले काही सांग."

मी म्हणालो, "तूच सांग, दादा. तुमचं बोलनं झालेलं हाय."

त्यानं सांगितलं नाही. मग चूळ भरली आणि उठून आत गेला. कौसल्यानं तिसरी घागर आडात सोडली.